न तोडलेलं पान

मे महिन्यात गडचिरोली-चंद्रपूरच्या जंगलपट्ट्यातली गावं पहाटे तीन-चारलाच उठतात. डोक्याला फडकं गुंडाळून, जुन्या लुगड्याची झोळी कमरेला बांधून बायामाणसं आणि शाळेला सुट्टी लागलेली पोरं अंधारातच रानाची वाट धरतात. ऊन चढण्याआधी तेंदूची पानं तोडून परतायचं असतं. पान फार कोवळं चालत नाही, जून चालत नाही. किडीनं खाल्लेलं, डाग पडलेलं तर कुणी हातातही घेत नाही. दहाच्या सुमाराला ओझी घरी येतात आणि सगळं घर सावलीला पुडे बांधायला बसतं. सत्तर पानांचा एक पुडा. निम्मी पानं एका अंगाला, निम्मी दुसऱ्या अंगाला, वर वाकाचा घट्ट वेढा. गप्पा चालू असतात, मांडीवर मूल असतं, चुलीवर भात शिजत असतो. मोजणी मात्र चुकत नाही. उन्हं कलली की पुडे ‘फळी’वर जातात. फळी म्हणजे गावाबाहेरचं मोकळं मैदान. तिथं मुन्शी शेकड्यानं पुडे मोजून घेतो, ते उन्हात रांगेनं मांडले जातात, उलटवले जातात आणि वाळले की पाणी शिंपडून बोदात भरले जातात. हजार पुड्यांची एक प्रमाण गोणी. सगळा भाव या गोणीवर ठरतो.

हंगाम जेमतेम दोन आठवड्यांचा. पण त्या दोन आठवड्यांच्या पैशावर खरिपाचं बियाणं येतं, पोरांची वह्या-पुस्तकं येतात, पावसाळ्याआधी घर शाकारलं जातं, लग्नात झालेली उसनवारी फिटते. जंगलातल्या गावाला वर्षभरात एवढी रोकड एकदम हातात देणारं दुसरं काही नाही.

म्हणूनच चंद्रपूर जिल्ह्याच्या गोंडपिपरी तालुक्यातल्या पाचगावचा निर्णय पहिल्यांदा ऐकणाऱ्याला चकित करतो. पाचगाव म्हणजे साठेक घरांचं गाव, बहुसंख्य गोंड. वनहक्क कायद्याखाली २०१२ साली या गावाच्या ग्रामसभेला १००६ हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. पूर्वी जो तेंदू ठेकेदाराचा होता, तो आता गावाचा झाला. पैसा दारात उभा होता. आणि ग्रामसभेनं बसून ठरवलं की पान तोडायचं नाही.

आदिवासींच्या विकासाबद्दल आपल्याकडे जे लिहिलं-बोललं जातं, त्यात बहुतेक वेळा त्यांना काय मिळालं याचा हिशेब असतो: किती घरकुलं, किती कर्ज, किती रोजगार. या लेखात दुसरा एक हिशेब मांडायचा आहे. काय घ्यायचं नाही, किती घ्यायचं नाही आणि कधीपर्यंत थांबायचं, हे ज्या गावाला ठरवता येतं, तेच गाव आपल्या संपत्तीचं खरं मालक असतं. पूर्व विदर्भातल्या गोंड गावांनी गेल्या तीस-पस्तीस वर्षांत हे करून दाखवलं आहे, आणि त्याची मुळं कुठल्याही योजनेच्या कागदात सापडत नाहीत. ती त्यांच्या पंडुमात आहेत.

आधी पंडुम, मग पोट

गोंडीत पंडुम म्हणजे सण. पण हा सण आपल्या सणांसारखा पंचांगातल्या तिथीला बांधलेला नसतो. तो रानाकडे बघून ठरतो. आंबा धरला, मोठा झाला, कोय टणक झाली, की गावाचा पुजारी, म्हणजे भूमिया किंवा गायता, दिवस धरतो आणि मरका पंडुम होतो. नव्या आंब्याचा पहिला मान पेनांना, म्हणजे देवांना आणि पूर्वजांना. त्यानंतरच गावातल्या कुणी तो तोंडाला लावायचा. पेरणीच्या आधी बियाण्याचा विज्जा पंडुम. भादव्यानंतर नवं धान आलं की त्याचीही आधी पूजा, मग जेवण. पंडुमाच्या आधी फळाला हात लावला तर देव कोपतो, गावावर संकट येतं, अशी श्रद्धा आहे.

शहरी वाचक इथं ‘श्रद्धा’ या शब्दावर थांबतो आणि पुढे जातो. जरा थांबून पाहिलं तर त्या श्रद्धेत केवढं शहाणपण बांधून ठेवलं आहे ते दिसतं. रानातलं फळ कुणा एकाचं नसतं. जो आधी जाईल तो नेईल, अशी स्थिती असली की प्रत्येक जण दुसऱ्याच्या आधी जाऊ पाहतो. मग आंबा कैरीतच उतरतो, चारीची फळं कच्चीच ओरबाडली जातात, चारोळी भरतच नाही. उंच फांदी हाताला येत नाही म्हणून झाडच आडवं होतं. बाजाराला कच्च्या मालाचीही घाई असतेच. पंडुम ही घाई थांबवतो. सगळ्यांनी एकाच दिवसापर्यंत थांबायचं असल्यामुळे थांबण्यात कुणाचा तोटा होत नाही. फळ पिकतं, बी तयार होतं, थोडं रानात पडतं, पुढच्या पिढीचं झाड उगवतं. अर्थशास्त्रज्ञ ज्याला सामाईक संपत्तीचं व्यवस्थापन म्हणतात, ते इथं ढोलाच्या तालावर, नाचत-गात होतं.

याच्या जोडीला कुळांचे नियम आहेत. गोंडांत चार देवे, पाच देवे, सहा देवे, सात देवे अशी मांडणी असते आणि प्रत्येक गोत्राला एखादं झाड, एखादा प्राणी, एखादा पक्षी जपायचा असतो. तुमच्या कुळानं ज्याला हात लावायचा नाही, त्याला माझं कुळ कदाचित लावेल. पण गावातल्या सगळ्या कुळांची बेरीज केली तर रानातला बराच मोठा भाग कुणाच्या ना कुणाच्या राखणीत येतो. देवाच्या राईत तर कुऱ्हाड जातच नाही.

ही व्यवस्था शेकडो वर्षं चालली कारण जंगल गावाचं होतं. इंग्रजांनी जंगलाच्या सीमा आखल्या, १९२७चा भारतीय वन कायदा आला, आणि स्वातंत्र्यानंतर मालगुजाऱ्या-जमीनदाऱ्या गेल्यावर ते सगळं जंगल सरकारजमा झालं. गावाला ‘निस्तार’ मिळाला, म्हणजे जळण, बांबू, गवत घरापुरतं घेण्याची मुभा. हक्क गेला आणि सवलत उरली. सवलत देणारा ती कमीही करू शकतो. दुसऱ्याच्या मालकीच्या रानात पंडुम पाळून उपयोग काय, असा प्रश्न पडू लागला तेव्हा जंगलाची खरी नासाडी सुरू झाली. आपण नाही तोडलं तर ठेकेदार तोडणारच, मग आपणच का सोडायचं?

घोटुलाची लाकडं

गडचिरोलीहून धानोऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर सुमारे तीस किलोमीटरवर मेंढा लागतं. लेखा गटग्रामपंचायतीतलं गाव म्हणून ते मेंढा (लेखा) या नावानं जगभर गेलं. शंभरएक घरं, पाचशेच्या आतबाहेर माणसं, जवळून वाहणारी कठाणी नदी आणि पाठीशी अठराशे हेक्टर जंगल. ‘दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही घोषणा याच गावाची. गोंडीत ती आणखी आटोपशीर आहे: मावा नाटे मावा राज.

ही घोषणा कुणी बाहेरून आणून दिलेली नाही. १९८०च्या दशकात गोदावरीवर इचमपल्ली आणि इंद्रावतीवर भोपालपट्टनम इथं मोठी धरणं बांधायचं घाटत होतं. त्यांच्या पाण्याखाली दक्षिण गडचिरोली आणि बस्तरचं जंगल आणि शेकडो गावं जाणार होती. त्याविरुद्ध ‘जंगल बचाव, मानव बचाव’ आंदोलन उभं राहिलं; बाबा आमटे आणि लालश्याम शहा त्यात होते. मेंढ्याची माणसंही गेली. धरणं थांबली. परत आलेल्या माणसांना पहिल्यांदा एक गोष्ट कळली की सरकारच्या निर्णयाला आपण नाही म्हणू शकतो, आणि ते ऐकलं जाऊ शकतं.

मग त्यांचं लक्ष घोटुलाकडे गेलं. घोटुल म्हणजे गोंड तरुण-तरुणींचं एकत्र जमण्याचं, शिकण्याचं, गाण्या-नाचण्याचं घर. समाजात कसं वागायचं ते मूल तिथं शिकतं. बाहेरच्या लोकांनी त्याबद्दल इतकं वाईटसाईट बोललं होतं की अनेक गावांनी लाजेनं घोटुल मोडू दिले होते. मेंढ्यानं तो पुन्हा बांधायचं ठरवलं. परंपरेप्रमाणे जंगलातून सागाची लाकडं आणली आणि घोटुल उभा केला. वन खात्याच्या लेखी ती चोरीची लाकडं होती. खात्यानं घोटुल उतरवला आणि लाकडं जप्त केली. तेव्हा आसपासची बारा गावं एकत्र बसली, आणि प्रत्येक गावानं आपापल्या हद्दीत घोटुल बांधायचं ठरवलं. एका घोटुलाच्या जागी बारा घोटुल उभे राहिले. खात्याला माघार घ्यावी लागली.

मेंढ्याची गोष्ट सांगताना बरेच जण थेट गावाला २००९मध्ये मिळालेल्या वनहक्कपत्रापाशी पोचतात. मला ही बारा गावांची गोष्ट त्याहून मोलाची वाटते. जंगलावरचा हक्क इथं आधी संस्कृतीचा हक्क म्हणून मागितला गेला. त्याला पैशाचं मोल बऱ्याच वर्षांनी आलं. ज्यांनी घोटुलासाठी लाकूड मागितलं होतं, त्यांनी बांबू विकताना सगळं रान विकून टाकलं नाही, याचं कारण तिथं आहे.

या काळात देवाजी तोफा हे गावातलं नेतृत्व पुढे आलं, आणि ‘वृक्षमित्र’ संस्थेचे मोहन हिराबाई हिरालाल मेंढ्याशी जोडले गेले. जयप्रकाशांच्या चळवळीतून आलेल्या मोहनभाऊंनी २०२५च्या सुरुवातीला जगाचा निरोप घेईपर्यंत ही साथ सोडली नाही. त्यांनी गावाला योजना दिली नाही, पैसा दिला नाही. त्यांनी अभ्यासाची एक पद्धत बसवली. अभ्यासगटात कुणीही बसावं, बाहेरच्यानंही. कायदा, बांबू, मधमाशी, कर, कुठलाही विषय काढावा, हवा तितका वाद घालावा. पण निर्णय तिथं करायचा नाही. निर्णय ग्रामसभेत, आणि ग्रामसभेत फक्त गावानं. जाणकार आणि मालक यांच्यातली ही रेघ मेंढ्यानं कधी पुसू दिली नाही.

एकमत होईपर्यंत

मेंढ्याच्या ग्रामसभेत हात वर करून मतदान होत नाही. निर्णय सर्वसहमतीनं होतो. एकाचा जरी विरोध असला तरी विषय पुढच्या बैठकीवर जातो, पुन्हा चर्चा होते, पुन्हा थांबायचं. बाहेरून आलेल्या अधिकाऱ्याला, मार्च अखेरची घाई असलेल्या कार्यालयाला ही पद्धत वेळखाऊ वाटते. ती वेळखाऊ आहेच.

पण जंगलाच्या बाबतीत हाच मार्ग शहाणपणाचा आहे. बहुमतानं ठरवलं तर एकावन्न जिंकतात आणि एकोणपन्नास हरतात. हरलेला माणूस रानाची राखण करत नाही; रात्री गुपचूप कुऱ्हाड घेऊन जाणारा बहुधा तोच असतो. अठराशे हेक्टरला कुंपण घालता येत नाही, प्रत्येक झाडाखाली रखवालदार बसवता येत नाही. गावातला प्रत्येक माणूस त्या नियमाला आपला नियम मानतो तेव्हाच तो टिकतो. गोंडांच्या जुन्या पंचायतीतही बोलत-बोलत एका मतावर यायची रीत होती. मेंढ्यानं ती घेतली आणि तिच्यात एक मोठा बदल केला. जुन्या पंचायतीत बायकांना जागा नव्हती. नव्या ग्रामसभेत त्या बसल्या आणि बोलू लागल्या. दारूचा प्रश्न त्यांनीच लावून धरला. मोहाची दारू पूजेला लागते, पेनांना वाहायची असते. तेवढी राहू द्यायची आणि रोजची, भांडणाची, मारहाणीची दारू बंद करायची, असा नियम गावानं केला. जिल्ह्यात सरकारी दारूबंदी आली ती त्यानंतर, १९९३मध्ये.

अशाच बैठकांतून बाकीचे नियम झाले. फळझाड तोडायचं नाही. मासे मारायला पाण्यात विष टाकायचं नाही. मध काढताना पोळं जाळायचं नाही. आग्या मोहोळातला फक्त मधाचा भाग कापून घ्यायचा आणि पिलांचा भाग तसाच ठेवायचा, म्हणजे माशा मरत नाहीत आणि पुन्हा मध धरतात. सरकारी कामाच्या मजुरीतला दहावा हिस्सा ग्रामकोषात. गावाच्या परवानगीशिवाय कुणीही, सरकारनंही, जंगलात काम सुरू करायचं नाही. यातल्या एकाही नियमासाठी गाव कायद्याची वाट बघत थांबलं नव्हतं.

बांबू : गवत की झाड?

कायदा आला तो नंतर. डिसेंबर २००६मध्ये संसदेनं वनहक्क कायदा केला आणि त्याच्या प्रस्तावनेतच कबूल केलं की जंगलात राहणाऱ्यांवर ऐतिहासिक अन्याय झाला आहे. या कायद्यानं ग्रामसभेला आपल्या परंपरेतल्या जंगलाचं रक्षण, संवर्धन आणि व्यवस्थापन करण्याचा हक्क दिला आणि गौण वनोपजाची मालकी दिली. गौण वनोपजात बांबूचं नाव स्पष्ट लिहिलं आहे. २००९मध्ये मेंढा आणि शेजारच्याच मर्दा या गावांना सामूहिक वनहक्क मिळाला. देशात असा हक्क मिळवणारी ही सुरुवातीची गावं.

पण कागद हातात आला तरी बांबू जंगलाबाहेर निघेना. विकलेला बांबू रस्त्यानं न्यायचा तर वाहतूक परवाना लागतो, आणि तो वन खातं देतं. १९२७च्या कायद्यात बांबूची गणना झाडात केली आहे, असं खात्याचं म्हणणं. वनस्पतिशास्त्रात बांबू हे गवत आहे हे शाळकरी पोरालाही सांगता येतं, पण परवान्याच्या खिडकीत ते चालत नव्हतं. वर्षानुवर्षं हाच बांबू कागद गिरण्यांना कवडीमोलानं जात होता, आणि सुपं-टोपल्या विणून पोट भरणारे बुरड मात्र त्यासाठी वणवण करत होते.

मेंढ्यानं आपला आग्रह सोडला नाही. मार्च २०११मध्ये केंद्रीय पर्यावरण मंत्री जयराम रमेश यांनी राज्यांच्या मुख्यमंत्र्यांना पत्र लिहून बांबू हा गौण वनोपज मानावा असं सांगितलं. २७ एप्रिल २०११ रोजी ते स्वतः मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण यांच्यासह मेंढ्यात आले आणि वाहतूक परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिलं. देशात पहिल्यांदाच एका गावाला आपल्या मालाचा परवाना आपणच फाडायचा अधिकार मिळाला. १९२७च्या कायद्यातून बांबूचा उल्लेख वगळला जायला मात्र २०१७ साल उजाडलं.

आता खरी परीक्षा होती. बेटातला सगळा बांबू काढला असता तर पहिल्या वर्षी गावाच्या खात्यात किती तरी जास्त रक्कम आली असती. गावानं तसं केलं नाही. बांबूच्या बेटात दरवर्षी नवे कोंब येतात, त्यांना आधार आणि अन्न जुन्या काठ्यांकडून मिळतं. कोवळ्या काठ्या काढल्या तर बेट बसतं. जून काठ्या बेतानं काढल्या तर ते फुटतच राहतं. कुठल्या भागात यंदा तोड, कुठं विसावा, हे ग्रामसभेनं ठरवलं. तोडणारे हात गावातलेच, त्यामुळे मजुरी गावात राहिली आणि विक्रीचा पैसाही. ग्रामसभेनं पॅन कार्ड काढलं, बँकेत खातं उघडलं, निविदा काढल्या, कर भरला. घोटुलासाठी लाकडं आणणारं गाव आता विवरणपत्र भरू लागलं, आणि त्यासाठी त्याला आपला घोटुल विसरावा लागला नाही.

२०१३मध्ये मेंढा आणखी एक पाऊल पुढे गेलं. विनोबांच्या चळवळीतून जन्मलेला महाराष्ट्र ग्रामदान अधिनियम १९६४पासून पुस्तकात पडून होता. मेंढ्याच्या लोकांनी आपली खासगी शेतजमीन त्या कायद्याखाली ग्रामसभेच्या नावे करायचं ठरवलं. कसायची ज्याची त्यानं, मुलाबाळांनीही कसायची. पण गावाबाहेर विकायची नाही. रस्त्याकडेच्या जमिनींना भाव येऊ लागला की आदिवासी गावं कशी हातोहात विरघळतात ते त्यांनी आजूबाजूला पाहिलं होतं. या निर्णयावर सरकारी मोहोर उमटायला मात्र वर्षामागून वर्षं गेली, प्रकरण उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापर्यंत न्यावं लागलं. स्वतःहून जमीन सोडायला निघालेल्या माणसांची नोंद कुठल्या रकान्यात करायची, ते आपल्या यंत्रणेला अजून नीट उमगलेलं नाही.

पाचगावची बेरीज-वजाबाकी

आता पुन्हा पाचगावला येऊ. ‘पर्यावरण मित्र’ संस्थेचे विजय देठे यांच्या सोबतीनं या गावानं वनहक्काचा दावा लढवला, बांबूची विक्री स्वतः सुरू केली, आणि रोजगारासाठी बाहेर जाणारी माणसं गावात थांबली. मग तेंदूचा विषय निघाला.

चांगलं, रुंद, बिनडागी पान हवं तर हंगामाआधी तेंदूची झुडपं छाटावी लागतात. याला बेला कटाई म्हणतात. कोवळी फूट यावी म्हणून जागोजागी जमिनीला आगही लावली जाते. मार्च-एप्रिलमध्ये या रानातून जाताना काळी पडलेली जमीन दिसते ती बऱ्याचदा याच आगीची. आग फक्त पाचोळा जाळून थांबत नाही. तिच्यात मोहाची, चारीची, सागाची रोपटी जातात, जमिनीवरची अंडी जातात, बांबूचे कोंब होरपळतात. आणि छाटलेल्या, ओरबाडलेल्या तेंदूला फळ धरत नाही. टेंभरं हे रानातलं उन्हाळ्यातलं गोड फळ. माणूस खातो, पाखरं खातात, अस्वल खातं.

पाचगावनं हे सगळं एका पारड्यात ठेवलं आणि दुसऱ्या पारड्यात दोन आठवड्यांची रोकड. शिवाय ज्या पानाची विडी होते ती ओढणाऱ्याचं काय होतं, हाही मुद्दा निघालाच. पारडं रानाच्या बाजूला झुकलं. गाव तिथंच थांबलं नाही. आपल्या जंगलातला सर्वांत चांगला, दाट असा ३४ हेक्टरांचा भाग गावानं पेनगड म्हणून राखून ठेवला: तिथून काहीच घ्यायचं नाही, तो पेनांचा आणि जनावरांचा. अभयारण्य जाहीर करताना सरकारनं आजवर माणसं उठवली आहेत. इथं माणसांनी स्वतःच अभयारण्य केलं, तेही आपल्या उत्पन्नातून वजा करून.

पाचगावला हे जमलं कारण बांबूचा पैसा येत होता, असं कुणी म्हणेल. ते खरंच आहे. भुकेल्या माणसाला त्याग शिकवणं हा अन्याय आहे. पण बांबूचा पैसा आल्यावर तेंदूचाही पैसा घ्यावा, मग आणखी काही विकावं, असं जगातल्या बहुतेकांना वाटतं. पुरे झालं हे कळायला पैशापलीकडचं काही तरी लागतं. पाचगावकडे ते होतं.

सगळ्यांची वाट एक नाही

गडचिरोलीतल्या बहुतेक गावांनी तेंदू सोडलेला नाही, आणि त्यांना नावं ठेवण्याचं कारण नाही. जिल्ह्यात हजाराहून अधिक गावांना सामूहिक वनहक्क मिळाले. एवढा विस्तार देशात क्वचितच कुठं झाला असेल. पूर्वी तेंदूचे घटक खातं लिलावात काढायचं, ठेकेदार घ्यायचा, गावाला मजुरी आणि पुढे कधी तरी बोनस. १९६९च्या कायद्यानं हा व्यापार सरकारच्या हाती होता. २०१३पासून ग्रामसभा स्वतः तेंदू विकू लागल्या. मजुरीबरोबर मालाची रॉयल्टीही गावाच्या खात्यात आली, आणि बऱ्याच ठिकाणी ती थेट तोडणाऱ्या बाईच्या खात्यावर. कोरची तालुक्यात नव्वद गावांनी महाग्रामसभा बांधली, म्हणजे ठेकेदारानं एका गावाला दुसऱ्याविरुद्ध खेळवू नये. बायकांनी तिथंही आग्रह धरला की गावातून दोन पुरुष गेले तर दोन बायाही जातील.

अडचणी कमी नाहीत. भाव चढला की आनंद; पडला की ठेकेदार हात वर करतो आणि पैसे अडकतात. २०१७ साली जीएसटी आला तेव्हा तेंदूपत्त्यावर १८ टक्के कर बसला, आणि आठवी-दहावी झालेल्या पोरांना रात्र-रात्र बसून ही कराची भाषा शिकावी लागली. हिशेब फाटका असला की संशय येतो, आणि संशयानं एकमत मोडतं. म्हणून जाणती गावं भर ग्रामसभेत पै-पैचा हिशेब वाचून दाखवतात.

सातपुड्याच्या बाजूला मेळघाटात पायविहीरच्या कोरकूंनी वेगळी वाट काढली. त्यांच्या वाट्याला आलेलं रान उजाड होतं. ‘खोज’ संस्थेच्या मदतीनं त्यांनी ते राखलं, झाडं लावली, चराईला आळा घातला. सीताफळ तरारलं आणि मुंबईच्या बाजारात ‘नॅचरल्स मेळघाट’ या नावानं गेलं. २०१४मध्ये संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमाचा जैवविविधता पुरस्कार या गावाला मिळाला. मेंढ्यानं असलेलं जंगल राखलं, पायविहीरनं गेलेलं जंगल परत आणलं.

ही रीत आपल्याच मुलखातली आहे असंही नाही. अमेरिकेत विस्कॉन्सिनमध्ये मेनॉमिनी नावाचे मूळनिवासी राहतात. १८५४च्या तहानं त्यांच्या वाट्याला जे जंगल उरलं, त्यात आज सुमारे २ लाख ३५ हजार एकर येतात. तेव्हापासून ते लाकूड तोडतात, स्वतःची गिरणी चालवतात. तरीही आज उभं असलेलं लाकूड त्या वर्षीपेक्षा जास्त आहे. म्हातारी, आजारी, पडलेली झाडं आधी, असा त्यांचा क्रम. १९५४मध्ये अमेरिकेच्या काँग्रेसनं त्यांची जमात म्हणून असलेली मान्यताच संपवायचा कायदा केला. १९६१मध्ये तो लागू झाला, लोक कर्जबाजारी झाले, जमिनी विकायची वेळ आली. मोठ्या लढ्यानंतर १९७३मध्ये ती मान्यता परत मिळाली. जंगल तेच, माणसं तीच. मधली बारा वर्षं हातात अधिकार नव्हता, एवढाच फरक. मेंढ्याच्या माणसाला ही गोष्ट वेगळी समजावून सांगावी लागणार नाही.

डोंगर कुणाचा?

एवढं सगळं लिहून सूरजागडबद्दल गप्प बसणं अप्रामाणिक होईल. एटापल्ली तालुक्यातल्या त्या डोंगरावर ठाकूरदेवाचं ठाणं आहे. दर जानेवारीत आसपासच्या गावांची यात्रा तिथं भरते, माडिया गोंड दूरदूरहून चालत येतात. त्याच डोंगरात उत्तम लोहखनिज आहे आणि तिथं खाण चालू आहे. खाणीनं रोजगार दिला, रस्त्यावर ट्रक आले, तालुक्याच्या बाजारात पैसा खेळू लागला, हे दिसतं. नोकरी हवी असलेल्या तरुणाला दोष देण्याचा अधिकार मला नाही.

पण ज्या जिल्ह्यात शंभर घरांचं गाव बांबूची एक काठी विकताना बेटाचा विचार करतं, तिथं आख्ख्या डोंगराचा निर्णय कसा होतो, हा प्रश्न विचारलाच पाहिजे. आदिवासी भागातल्या ग्रामसभांना अधिकार देणारा पेसा कायदा १९९६चा, वनहक्क कायदा २००६चा; दोन्ही सांगतात की गावाला विचारा. विचारणं म्हणजे होकाराचा ठराव गोळा करणं नव्हे. नाही म्हणण्याची मुभा नसेल तर होकाराला काय किंमत? मेंढ्याची आणि पाचगावची सगळी कमाई त्यांच्या ‘नाही’वर उभी आहे. तो ‘नाही’ बांबूपुरता मान्य करायचा आणि लोखंडाच्या वेळी विसरायचा, हे चालणार नाही.

तसंच, जे जे परंपरेचं ते सगळं चांगलं, असंही मानायचं कारण नाही. याच जिल्ह्यात अनेक गावांत पाळीच्या दिवसांत बाईला गावाबाहेरच्या कुर्माघरात राहावं लागतं. मोडक्या भिंती, पावसाळ्यात साप-विंचू. तीही परंपराच. ती बदलायची लढाई तिथल्या बायका लढत आहेत, आणि ग्रामसभेत बोलायला शिकलेल्या बायका ती जास्त जोरानं लढतील. ज्या समाजाला आपल्या रानाचे नियम बदलता येतात, त्याला आपल्या घरातलेही बदलता येतील. संस्कृती जिवंत असण्याची हीच खूण.

आपण शहरातले लोक दिवाळीत या गावांतून आलेल्या सुपात धान्य पाखडतो, चारोळी बासुंदीत घालतो, मध औषधाला ठेवतो. या वस्तूंच्या मागे कुणी तरी थांबलेलं असतं, पंडुमाचा दिवस येईपर्यंत, बेटातली कोवळी काठी जून होईपर्यंत. त्या थांबण्याला बाजारात भाव नाही. तो मिळावा म्हणून गावाला सन्मानानं विचारणारे कायदे नीट पाळले जावेत, ग्रामसभेचे पैसे वेळेवर मिळावेत, आणि तिच्या नकाराला तिच्या होकाराइतकंच वजन असावं, एवढं तर आपण मागू शकतो.

मे महिन्यात इतर गावांच्या फळ्यांवर पुडे वाळत असतात, तेव्हा पाचगावच्या रानात तेंदू हिरवागार उभा असतो. पानाआड टेंभरं पिकून पिवळी होतात. पोरं ती खिशात भरतात, उरलेली पाखरं खातात, रात्री अस्वल येऊन जातं, आणि बिया रानभर पडतात.